रानांतील राखणदारांची राखण

पाणपोईवरच्या पेल्याला सांखळी असते. तहानलेल्या वाटसरूला फुकट पाणी पाजण्याइतका जो उदार, त्यालाही पेला मात्र बांधून ठेवावा लागतो. ह्यांत मनुष्यस्वभावाची थट्टा आहे खरी. पण त्यांत एक व्यवहारही आहे. उघड्यावर ठेवलेली, कोणी राखण न करणारी, परंतु सर्वांच्या उपयोगाची वस्तु जागच्या जागीं कशी राहील, हा प्रश्न पाणपोईइतकाच जुना आहे. आज आम्ही तो भद्रावतीच्या रानांत नेऊन पाहणार आहों. तेथें सांखळीनें बांधलेली वस्तु पेला नसून कॅमेरा आहे. आणि ती नाहींशी झाली तर होणारें नुकसान तिच्या किंमतीपुरतें राहत नाहीं. प्रसंगीं तें माणसाच्या आणि वाघाच्या जिवाशीं जाऊन भिडतें.

भद्रावतीचें रान

नागपुराहून चंद्रपुराकडे आगगाडीनें जाऊं लागलें म्हणजे चंद्रपुराच्या अलीकडे भांदक स्टेशन लागतें. तेंच भद्रावती. यात्रेकरूंना ही नगरी भद्रनागाच्या देवळामुळें, पार्श्वनाथाच्या जैन मंदिरामुळें आणि विजासन टेकडींतील बौद्ध लेण्यांमुळें ठाऊक असते. आजच्या भद्रावती तालुक्याचीं मात्र दोन तोंडें आहेत. एका अंगाला कोळशाच्या खाणी व संरक्षण खात्याचा दारूगोळ्याचा कारखाना. दुसऱ्या अंगाला मोहर्लीच्या वाटेनें सुरू होणारें ताडोबाचें अरण्य. ताडोबा १९५५ सालीं राष्ट्रीय उद्यान झालें, १९८६ सालीं त्याला लागून अंधारी अभयारण्य झालें, आणि १९९५ सालीं दोहोंचा मिळून व्याघ्रप्रकल्प करण्यांत आला. त्याचा गाभा सुमारें ६२५ चौरस किलोमीटरांचा, आणि त्याच्याभोंवतीं सुमारें ११०० चौरस किलोमीटरांचा बफर.

ह्या बफरांत गांवें आहेत, शेतें आहेत, गुरें आहेत. उन्हाळ्याच्या तोंडीं मोहफुलें पडूं लागलीं म्हणजे पहांटेच्या काळोखांत बायामाणसें टोपल्या घेऊन रानांत शिरतात. पुढें तेंदूपानांचा हंगाम येतो. सरपण तर बाराही महिने लागतें. वाघाला नकाशावरची रेषा दिसत नाहीं. तो खाणींच्या बाजूच्या झुडपांतही राहतो आणि कारखान्याच्या कुंपणाआडही वावरतो. अशा मुलखांत कोणता वाघ कोठें आहे हें ठाऊक असणें ही केवळ प्राणिशास्त्रज्ञांची हौस राहत नाहीं. ती गांवाची निकड होते.

हें ठाऊक व्हावें म्हणून रानांत कॅमेरे बांधलेले असतात. त्यांना सर्वत्र ‘कॅमेरा ट्रॅप’ म्हणतात. नांवांत सांपळा असला तरी त्यांत सांपडतें तें फक्त चित्र. झाडाच्या बुंध्याला किंवा रोवलेल्या खुंटाला, साधारण गुडघ्याच्या उंचीवर, लोखंडी पेटींत बसविलेलें हें यंत्र रात्रंदिवस जागें असतें. समोरून अंगांत ऊब असलेला प्राणी चालत गेला कीं त्याला तें जाणवतें आणि तें आपोआप छायाचित्र घेतें. वाघासाठीं असे कॅमेरे नेहमीं जोडीनें, वाटेच्या दोन बाजूंस समोरासमोर लावतात. वाघाचे पट्टे माणसाच्या बोटांच्या ठशांप्रमाणें प्रत्येकाचे निराळे असतात; एवढेंच नव्हे, तर एकाच वाघाच्या डाव्या आणि उजव्या कुशीवरचे पट्टेही सारखे नसतात. दोन्ही कुशींचें चित्र एकाच वेळीं मिळालें तरच त्याची ओळख पुरी पटते. म्हणजे जोडींतील एक कॅमेरा गेला कीं वाघ अर्धाच उरतो!

कल्पना नवी नाहीं. संयुक्त प्रांतांतील एक जंगल अधिकारी एफ्. डब्ल्यू. चँपियन यांनीं १९२० नंतरच्या दशकांत वाटेवर तार ताणून, तिच्यावर पाऊल पडतांच दिवा उजळून कॅमेरा चालेल अशी योजना केली होती, आणि तींतून वाघांनीं आपलींच चित्रें काढून दिलीं. त्यांचें पुस्तक १९२७ सालीं प्रसिद्ध झालें. पुढें १९९० नंतर डॉ. उल्हास कारंत यांनीं नागरहोळेच्या रानांत ह्याच साधनानें वाघांची शास्त्रशुद्ध मोजणी करून दाखविली. आतां ती देशभर होते. २०१८ च्या अखिल भारतीय गणनेंत २६,८३८ ठिकाणीं कॅमेरे लावले गेले आणि ३ कोटी ४८ लाखांहून अधिक चित्रें मिळालीं. २०२२ च्या गणनेंत ठिकाणें ३२,५८८ झालीं आणि चित्रें ४ कोटी ७० लाखांवर गेलीं. त्यांपैकीं वाघांचीं ९७,३९९ होतीं. त्यांतून ३,०८० वाघ एकेकटे ओळखतां आले, आणि महाराष्ट्रांतील वाघांची संख्या ४४४ धरण्यांत आली. प्रत्येक कॅमेऱ्याचें ठिकाण उपग्रहांच्या साह्यानें, अक्षांश-रेखांशांसह, नोंदलेलें असतें.

मोजणीहूनही मोठें काम निराळेंच आहे. एखाद्या वाघानें माणूस मारला म्हणजे गांव खवळतें, आणि तें साहजिकच आहे. पण त्या रानांत वाघ चार असतील तर अपराधी कोणता? १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याच्या ११ व्या कलमाप्रमाणें वाघाला पकडण्याचा वा मारण्याचा हुकूम राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकालाच देतां येतो, आणि त्यासाठीं तो विशिष्ट वाघ ओळखलेला असावा लागतो. २०२० च्या ऑक्टोबरांत राजुऱ्याच्या रानांत कित्येक माणसांच्या मृत्यूला कारण झालेला ‘आर. टी. १’ हा वाघ पिंजऱ्यांत आला, तो कॅमेऱ्यांच्या जाळ्यानें बरेच महिने केलेल्या पाठलागानंतर. अशा वेळीं एखाद्या नाल्याकांठचा कॅमेरा चोरीला गेला तर निरपराध वाघ पकडला जाण्याचें, आणि खरा वाघ मोकळा राहून आणखी एक घर उघडें पडण्याचें भय असतें. चोरानें नेलेली वस्तु कांहीं हजार रुपयांची. तिच्याबरोबर गेलेला पुरावा कोणत्याच बाजारांत विकत मिळत नाहीं.

तो नाहींसा कां होतो?

कॅमेरा नाहींसा झाला कीं ‘चोर’ हा शब्द आपल्या तोंडीं चटकन येतो. परंतु उपाय शोधावयाचा तर कारणें निवडून पाहिलीं पाहिजेत. तीं आम्हांला चार दिसतात.

पहिलें कारण लोभाचें. कॅमेऱ्याच्या पोटांत बॅटऱ्या असतात, आणि मोबाइलांत किंवा संगणकांत चालणारें स्मरणपत्रक, म्हणजे मेमरी कार्ड, असतें. दुसरें कारण भयाचें. चोरून सागवान तोडणारा, फासे लावणारा किंवा विजेची तार टाकणारा मनुष्य त्या डोळ्यासमोरून गेला तर त्याचेंही चित्र निघतें. म्हणून तो यंत्रच उपटून नेतो किंवा फोडून टाकतो. तिसरें कारण निव्वळ अज्ञानाचें. रानांत अचानक लखकन् उजेड पडला, किंवा झाडाला बांधलेली अनोळखी पेटी दिसली, तर ती काय आहे, कोणाची आहे, हें ज्याला कोणीं सांगितलेलें नाहीं तो कुतूहलानें किंवा भीतीनें तिला हात घालणारच. चौथें कारण रागाचें. त्याविषयीं पुढें सविस्तर लिहूं. शिवाय प्रत्येक वेळीं दोषी माणूसच असतो असेंही नाहीं. अस्वल कॅमेरा ओरबाडतें, वानर ओढतें, आणि खुद्द वाघही त्याला दांत लावून पाहतो!

लोभी, भ्यालेला, अजाण आणि रागावलेला, असे हे चार निरनिराळे इसम आहेत. एकाच कुलुपानें चौघांनाही थोपवूं पाहणें म्हणजे सगळ्या दुखण्यांना एकच काढा देण्यासारखें आहे.

एका खेळाची साक्ष

रानांत, ठाऊक असलेल्या अक्षांश-रेखांशांवर, राखण न ठेवतां वस्तु ठेवावयाची आणि ती चोरीला जाऊं नये म्हणून झटावयाचें, हा अनुभव जगांत दुसऱ्याही एका मंडळीला आहे. ती मंडळी खेळगड्यांची आहे, आणि तिच्याकडून आपणांस शिकण्यासारखें पुष्कळ आहे.

अमेरिकन सरकारनें उपग्रहांवरून मिळणाऱ्या स्थाननिदर्शनांत मुद्दाम ठेवलेली अंधुकता मे २००० च्या आरंभीं काढून टाकली. त्याबरोबर सामान्य माणसाच्या हातांतील यंत्रही कांहीं मीटरांच्या अंतरानें जागा दाखवूं लागलें. तेव्हां ३ मे रोजीं ओरेगन संस्थानांत डेव्ह उल्मर नांवाच्या गृहस्थानें एक बादली कांहीं चिजा घालून रानांत ठेवली, तींत एक वही ठेवली, आणि त्या जागेचे आंकडे जाहीर केले. शोधा, वहींत सही करा, कांहीं घ्या, कांहीं ठेवा! ह्यांतूनच ‘जिओकॅशिंग’ हा खेळ जन्मास आला, आणि आज त्याच्या लाखों डब्या जगभर लपलेल्या आहेत.

ह्या खेळांत ‘प्रवासी’ वस्तु असतात. धातूच्या बिल्ल्यावर किंवा नाण्यावर एक क्रमांक कोरलेला असतो. बिल्ला एखाद्या खेळण्याला बांधतात आणि डबींत ठेवून देतात. ज्याला तो सांपडेल त्यानें तो उचलावा, दुसऱ्या गांवच्या डबींत नेऊन ठेवावा, आणि प्रवासाची नोंद करावी. अशा रीतीनें एखाद्या मुलाचा लाकडी हत्ती दोनचार खंडें हिंडून येतो. पर्सीव्हरन्स नांवाचें जें यान फेब्रुवारी २०२१ मध्यें मंगळावर उतरलें, त्याच्या एका उपकरणाच्या कसोटीपट्टीवरही ह्या खेळाचा एक क्रमांक आहे. मंगळावरच्या प्रवाशाला चोराचें भय नाहीं. पृथ्वीवरच्यांना मात्र भारी आहे! सुबक नाणें दिसलें कीं कोणीतरी संग्राहक तें खिशांत घालतो, आणि बिचाऱ्या मालकाला त्याचा पत्ता पुन्हां लागत नाहीं.

खेळगड्यांनीं काढलेले उपाय पाहण्यासारखे आहेत. पहिला असा कीं, क्रमांक दोन ठेवावयाचे. एक सर्वांना दिसणारा, ज्यावरून प्रवास वाचतां येतो; दुसरा वस्तूवर कोरलेला, जो ती प्रत्यक्ष हातांत घेणाऱ्यालाच कळतो. त्या दुसऱ्या क्रमांकाचें छायाचित्र कोणीं प्रसिद्ध करूं नये असा संकेत आहे. नाहीं तर वस्तु न पाहतांच खोट्या नोंदी होऊं लागतात. दुसरा उपाय मोठा मार्मिक आहे. नव्या कोऱ्या नाण्याला मुद्दाम भोंक पाडावयाचें. प्रवासाला त्यानें अडथळा येत नाहीं, पण संग्राहकाच्या लेखीं त्याची किंमत उतरते. कित्येक जण तर अस्सल नाणें घरीं ठेवून त्याची नक्कलच प्रवासाला पाठवितात. तिसरा उपाय जागेचा. रहदारीच्या ठिकाणच्या, कोणाच्याही हातीं लागणाऱ्या डबींत मोलाची वस्तु ठेवावयाची नाहीं.

चौथा उपाय सर्वांत साधा, आणि आमच्या मतें सर्वांत थोर. वस्तूबरोबर एक चिठ्ठी बांधावयाची: ‘मी भेट म्हणून ठेवलेली वस्तु नाहीं. मी प्रवासी आहें. मला समुद्राकडे जावयाचें आहे. कृपा करून पुढें न्या.’ कारण अनुभव असा आला कीं, नाहींशा झालेल्या पुष्कळ वस्तु चोरीला गेलेल्याच नसतात. नवशिक्याला ती भेट वाटते. कोणी पिशवींत टाकून विसरतो. कोणाच्या घरीं ती मुलांच्या खेळण्यांत मिसळते. चिठ्ठी चोराला थांबवीत नाहीं. पण चोर नसलेल्याला चोर होण्यापासून ती वांचविते.

हें वाचून आम्हांला आमच्या वाड्यांतील मासिकांच्या फिरत्या मंडळाची आठवण झाली. दहा बिऱ्हाडें मिळून मासिकें घेत आणि एकामागून एक वाचीत. महिन्याला एकदोन अंक हटकून गडप होत, आणि मग दहाही बिऱ्हाडें एकमेकांकडे संशयानें पाहत. शेवटीं एका वडीलधाऱ्या गृहस्थांनीं प्रत्येक अंकाच्या पुठ्ठ्यावर दहा नांवांची यादी डकवली, आणि ‘आला’ व ‘दिला’ अशा तारखा लिहिण्याची चाल पाडली. त्यानंतर अंक जाणें जवळजवळ बंद झालें. हरवलेला दिवाळी अंक आमच्याच आत्याबाईंच्या ट्रंकेंत, लोणच्याची कृति उतरून घ्यावयाची राहिली म्हणून, सहा महिने पडून होता! त्याला चोरी कोण म्हणेल?

कुलूप आणि खूण

आतां हे धडे भद्रावतीच्या रानांत लावून पाहूं.

कुलूप पाहिजेच. कॅमेऱ्याला पोलादी पेटी असावी, ती सांखळीनें जिवंत झाडाला जखडावी, आणि कॅमेरा सांकेतिक शब्दाशिवाय चालूं नये अशी तजवीज असावी. मात्र कुलुपाचें काम काय, हें नीट समजून घ्यावें. कुऱ्हाड घेऊन आलेल्या माणसाला कुलूप अडवीत नाहीं. तें त्याचा वेळ खातें, आणि जाता जाता हात मारणाऱ्याला परतवितें. एवढें झालें तरी त्याची किंमत वसूल झाली.

कुलुपाहून खूण अधिक टिकाऊ. आपल्या घरांतील भांड्यांवर नांवें कां घातलेलीं असतात? लग्नकार्यांत शेजारच्या चार घरचीं पातेलीं एकत्र होतात, आणि ठोकून घातलेल्या नांवामुळेंच ज्याचें त्याच्या घरीं परत जातें. शिवाय नांव घातलेलें भांडें चोरट्या गिऱ्हाइकाला नकोसें असतें. ग्रंथपाल लोकही पुस्तकाच्या पहिल्या पानावर शिक्का मारून स्वस्थ बसत नाहींत. आंतील एका ठराविक पानावर ते दुसरा शिक्का मारून ठेवतात. पहिलें पान फाडलें तरी पुस्तक आपलें घर सांगतें. चंद्रपूरच्या सागवानाचीही हीच रीत आहे. तोडलेल्या लांकडावर वनखात्याच्या हातोड्याची खूण उमटविल्यावांचून आणि वाहतुकीचा परवाना असल्यावांचून तें हलवतां येत नाहीं. कॅमेऱ्यावरही खात्याचें नांव व क्रमांक असे खोल कोरलेले असावे कीं ते घासले तरी व्रण राहील. आणि दुसरा एक क्रमांक आंत, न दिसणारा, असावा. नाण्याला पाडलेलें भोंक तें हेंच. वस्तु कामाला पूर्वीइतकीच उपयोगी, पण चोरबाजारांत कवडीमोल!

त्याखेरीज, यंत्रांतील चित्रें वरचेवर काढून घ्यावीं, म्हणजे यंत्र गेलें तरी पुरावा सगळाच जात नाहीं. चित्र निघतांच तें मोबाइलच्या तारायंत्राविना दूर पाठविणारे कॅमेरे आतां मिळतात. त्यांच्या बाबतींत चोराचें चित्र चोराच्या आधीं कचेरींत पोहोंचतें. समोरासमोरची जोडी एकमेकींवर नजर ठेवते हाही एक लाभच आहे. आणि कायदाही आहे. १ जुलै २०२४ पासून अंमलांत आलेल्या भारतीय न्याय संहितेच्या ३०३ व्या कलमानें चोरीला ३ वर्षांपर्यंत कैद, दंड किंवा दोन्ही होऊं शकतात.

हे सारे उपाय लोभी आणि भ्यालेल्या माणसासाठीं झाले. अजाणासाठीं चिठ्ठी हवी. पेटीवर ठळक, सोप्या मराठींत, आणि जेथें गोंडी बोलणारे लोक असतील तेथें चित्रांच्या भाषेंत, एवढेंच लिहावें: हा कॅमेरा आहे, ह्यापासून इजा नाहीं, वाघ कोठें आहे हें आपणां सर्वांना कळावें म्हणून तो ठेवला आहे. कचेरीचा दूरध्वनि क्रमांकही खालीं द्यावा. कॅमेरे लावण्यापूर्वीं गांवच्या सभेंत एक यंत्र सर्वांच्या हातीं देऊन दाखवावें. ज्या मुलानें त्याच्यासमोर उभें राहून आपलें चित्र काढून पाहिलें आहे, तो रानांत त्याला दगड मारणार नाहीं.

रागाचें कारण

आतां चौथ्या इसमाकडे वळूं. हा विषय आमच्या वाचकभगिनींनीं विशेष लक्ष देऊन वाचावा अशी विनंती आहे.

रानांतला कॅमेरा वाघ आणि बाई असा भेद जाणत नाहीं. ज्या वाटेनें वाघ जातो त्याच वाटेनें सरपणाला बायका जातात. केंब्रिज विद्यापीठाचे संशोधक त्रिशांत सिमलाई यांनीं उत्तराखंडांतील कॉर्बेट व्याघ्रप्रकल्पाच्या परिसरांत १४ महिने राहून सुमारें २७० लोकांशीं बोलून केलेला अभ्यास २०२४ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांत एक हकीकत आहे. रानांत देहधर्मासाठीं गेलेल्या एका स्त्रीचें अर्धवस्त्र चित्र वाघांसाठीं लावलेल्या कॅमेऱ्यानें टिपलें, आणि तें कोणीं तरी मोबाइलवरून गांवोगांव पसरविलें. गांवकऱ्यांनीं संतापून कॅमेरे फोडले. कॅमेरा गेला हें नुकसान नोंदवहींत चढलें असेल. त्या स्त्रीचें जें गेलें तें कोणत्या वहींत लिहावें?

त्याच अभ्यासांतील दुसरी गोष्ट ह्याहून सूक्ष्म आहे. बायका रानांत मोठ्यानें बोलत, गात जात. त्यामुळें मनही मोकळें होई आणि वाघ-हत्तींना चाहूल लागून ते दूर सरत. कॅमेरे आल्यावर, आपल्याला कोणी पाहत आहे ह्या संकोचानें, त्या गप्प राहूं लागल्या, किंवा अनोळखी वाटांनीं आडरानांत शिरूं लागल्या. जें यंत्र वाघापासून सावध करण्यासाठीं उपयोगी पडावयाचें, त्यानेंच त्यांची जुनी सावधगिरी काढून घेतली.

ही हकीकत कॉर्बेटची आहे, भद्रावतीची नव्हे. परंतु मोहफुलें वेंचणारी बाई तेथें काय आणि येथें काय, सारखीच. तेव्हां कॅमेऱ्याची चोरी टाळावयाची तर कॅमेऱ्यानेंही चोरी करूं नये, हें पहिलें पथ्य होय. बायकांच्या नेहमींच्या वाटा, पाणवठे आणि आडोशाच्या जागा गांवांतील बायकांनाच विचारून वगळाव्या. माणसाचें चित्र निघालें तर, गुन्ह्याचा पुरावा नसल्यास, तें न पाहतां पुसून टाकावें. संगणकाकडून माणसांचीं चित्रें अगोदरच वेगळीं काढतां येतात. आणि असें चित्र बाहेर गेलें तर तें कोणाच्या हातून गेलें हें ज्याच्यावर शोधतां येईल असा नोंदीचा कागद असावा. कॅमेऱ्याला जसा क्रमांक, तसा त्यांतील चित्रांनाही हिशेब असला पाहिजे.

आपलेपणाचें कुलूप

शेवटचा उपाय विकत मिळत नाहीं. ताडोबाच्या बफरांतील गांवांतून तरुणांचीं प्राथमिक प्रतिसाद दलें उभीं केलेलीं आहेत. वाघ गांवाजवळ आला तर गर्दी आवरणें, लोकांना सावध करणें, वनखात्याला वर्दी देणें, हें त्यांचें काम. कॅमेरे बांधण्यास, तपासण्यास ज्या गांवचे तरुण बरोबर असतात, त्या गांवच्या रानांतील कॅमेरा सरकारी न राहतां ‘आपल्या गणूनें लावलेला’ होतो. सांखळीपेक्षां हें नातें बळकट.

त्याहून पुढचें पाऊल मोहर्लीजवळच्या सीतारामपेठ गांवीं पडलेलें आहे. तेथें रानाच्या कडेला असे कॅमेरे बसविण्यांत आले कीं ते वाघाला चित्रावरून ओळखतात आणि गांवकऱ्यांना व वनखात्याला लगोलग इशारा देतात. यंत्र तेंच, पण फरक किती! पूर्वींचा कॅमेरा वाघ मोजून आंकडे दूरच्या कचेरीस कळवीत असे, आणि ज्याच्या गोठ्यापाशीं वाघ बसला आहे त्याला मात्र तो मुका वाटे. नवा कॅमेरा त्या शेतकऱ्याशींच बोलतो. असा कॅमेरा चोरणें म्हणजे आपल्याच दाराची कडी काढून विकण्यासारखें आहे.

साध्या कॅमेऱ्यालाही हा गुण देतां येईल. महिनाअखेर चित्रें काढल्यावर, आपल्या शिवारांत कोण कोण फिरून गेलें, कोणती वाघीण पिलांसह कोणत्या नाल्याला आहे, हें गांवच्या चावडीवर सांगावें. मोजणी गांवाच्या रानांत व्हावी आणि तिचें फळ गांवाला कळूं नये, हा व्यवहार कांहीं बरा नव्हे. शिकाऱ्याच्या कानीं पडूं नये म्हणून नेमकी जागा राखून ठेवावी लागेल, हें आम्ही जाणतों. पण खेळगड्यांनीं दोन क्रमांक ठेवून जी युक्ति केली तीच येथेंही चालेल. जें उघड सांगण्याजोगें आहे तें मोकळेपणानें सांगावें, आणि जें गुप्त ठेवावयाचें तेवढेंच गुप्त ठेवावें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळ कुटुंबें सुट्टींत मुलाबाळांसह ताडोबास जातात. मोहर्लीच्या वाटेवर झाडाला बांधलेली ती पेटी मुलांना दिसली तर तिला हात न लावतां ती काय आहे हें त्यांना अवश्य सांगावें. तिची जागा छायाचित्रासह चारचौघांत मिरवूं नये. सांखळी तुटलेली किंवा पेटी उघडी दिसली तर नाक्यावर वर्दी द्यावी. आणि मुलांनीं विचारलें कीं ‘ह्याची राखण कोण करतें?’, तर त्यांना त्या पहांटेच्या काळोखांत टोपली घेऊन निघालेल्या बाईची गोष्ट सांगावी. तिची लाज आणि तिचा जीव ज्या दिवशीं तो कॅमेरा राखील, त्या दिवसापासून ती त्याची राखण आपण होऊन करील.